२७ एचपीच्या ट्रॅक्टरला चार फुटी बकेट घ्यावी की पाच फुटी?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागातल्या एका शेतकऱ्याचा प्रश्न आहे. त्यांच्याकडे २७ एचपीचा फोर बाय फोर छोटा ट्रॅक्टर आहे. चार एकर भात, एक एकर ऊस, गोठ्यात सहा म्हशी आणि दोन गाई. ट्रॅक्टरच्या पुढे लोडर, म्हणजे मालाची बकेट वर-खाली करणारे लोखंडी हात, बसवायचा आहे. लोडरच्या पत्रकात उचल ४५० किलो लिहिली आहे. बकेट चार फुटी मिळते, पाच फुटीही मिळते आणि दोन्हींच्या दरात फार फरक नाही. मोठी घेतली तर फेऱ्या कमी होतील म्हणून पाच फुटीकडे मन ओढतंय. कोणती घ्यावी?

चार फुटी घ्या. तुमचं काम, तुमचा ट्रॅक्टर आणि तुमच्याकडचा उतार बघून सांगतो. आता कारणं सविस्तर लिहितो, कारण उद्या दुकानात कोणीतरी "एवढ्या पैशात मोठी मिळते की हो, घेऊन टाका" म्हणणारच, आणि तेव्हा तुमच्या हातात हिशेब असला पाहिजे.

फेऱ्यांपासूनच सुरुवात करू, कारण तुमचं सगळं गणित त्यावर उभं आहे. आपल्याकडची साधी ट्रॉली साधारण एक ब्रासची, म्हणजे १०० घनफुटांची धरा. चार फुटी बकेट शीग लावून भरली तर सात घनफुटांच्या आसपास शेणखत येतं. पाच फुटी बहुतेक वेळा नुसती रुंद नसते, खोलही असते. तिच्यात शिगेसकट बारा घनफूट जातं. म्हणजे एक ट्रॉली भरायला छोटीच्या पंधरा बकेटा, मोठीच्या नऊ. फरक सहा बकेटांचा. उकिरड्यातून उचलून ट्रॉलीत टाकून परत यायला एक मिनिट धरलं, तर ट्रॉलीमागे सहा मिनिटं वाचली. तुमच्या आठ जनावरांचं आणि पाच एकरांचं खत वर्षाला बारा ट्रॉल्या धरू. बारा सक बहात्तर. वर्षभरात वाचला सव्वा तास. या सव्वा तासासाठी पुढचा एक्सल, पिना, बुश आणि उतारावर तुमचा स्वतःचा जीव ताणायचा आहे का, एवढाच प्रश्न उरतो.

आता वजनाकडे येऊ. बकेट नेहमी वजनावर निवडायची असते आणि दुकानात ती विकली जाते फुटांवर. सगळा घोटाळा इथून सुरू होतो. पाच फूट ही फक्त रुंदी झाली. आत किती मावतं हे बाजूच्या पत्र्याच्या आकारावर ठरतं, आणि तो आकार प्रत्येक फॅब्रिकेटरचा वेगळा. मी कुठलीही नवी बकेट आली की आधी ती आडवी पाडतो, बाजूच्या पत्र्यावर जुनं वर्तमानपत्र पसरतो आणि कडेकडेने खडूने आकार काढून घेतो. तो कागद कापायचा आणि त्यावर तीन-तीन इंचांचे चौकोन आखायचे. असे सोळा चौकोन म्हणजे एक चौरस फूट. पूर्ण चौकोन मोजा, कडेचे अर्धे-मुर्धे जोडून पूर्ण करा. चोवीस भरले तर दीड चौरस फूट. त्याला आतल्या रुंदीने गुणलं की घनफूट मिळाले. दहा मिनिटांचं काम आहे. विकणारा सांगतो त्या आकड्यापेक्षा हा आकडा खरा, कारण सांगताना बरेच जण शीग धरूनच सांगतात.

या मापाने साधारण चार फुटी बकेट काठोकाठ सहा घनफुटांची भरते. एक घनफूट म्हणजे २८.३ लिटर, तेव्हा १७० लिटर. खोल अंगाची पाच फुटी दहा घनफुटांपर्यंत जाते, म्हणजे २८३ लिटर. रुंदीत एका फुटाचा फरक दिसतो, पोटात दीडपटीहून जास्त निघतो. हे डोळ्यांना कळत नाही, कागदावरच कळतं.

मग आत काय भरणार? चांगलं कुजलेलं, उन्हात वाळलेलं शेणखत लिटरला पाचशे ते सहाशे ग्रॅम भरतं. तेच ओलं, ताजं असेल तर आठशे ग्रॅमच्या पुढे, आणि मूत मुरलेलं असेल तर जवळजवळ पाण्याइतकं, म्हणजे लिटरला किलो. सुटी कोरडी माती सव्वा किलो. ओली माती १६०० ते १८०० ग्रॅम. खडी दीड किलोच्या वर. ओली वाळू दोन किलोंच्या जवळ. गुऱ्हाळावरचं वाळलेलं चिपाड मात्र लिटरला शे-दीडशे ग्रॅम. म्हणजे त्याच बकेटीत एकदा पंचवीस किलो असू शकतात आणि एकदा साडेतीनशे.

माझ्या आकड्यांवरही विसंबू नका. तुमच्याकडची माती तांबडी, पाऊस जबरदस्त, आणि खत उघड्यावर असेल तर मिरगानंतर त्याचं वजन वेगळंच होतं. दहा लिटरची बादली घ्या, आपल्याच उकिरड्यातलं खत हलकं दाबून काठोकाठ भरा, दूध डेअरीच्या काट्यावर ठेवा. बादलीचं वजन वजा करा आणि दहाने भागा. एकदा मे महिन्यात करा, एकदा जुलैत. दोन्ही आकडे गोठ्याच्या भिंतीवर कोळशाने लिहून ठेवा.

आता तुमच्या लोडरची ४५० किलोंची उचल. हा आकडा बहुतेक पत्रकांत पिनेवरचा असतो, म्हणजे बकेट जिथे अडकते त्या जोडावर वजन टांगलं तर. पण माल पिनेवर नसतो, पिनेच्या पुढे बकेटीत असतो. घागर कमरेवर घेतली तर दोन कोस नेता येते, तीच हात लांब करून धरली तर दहा पावलंही जात नाही, तसंच हे. पिनेच्या पुढे अर्धा मीटर, म्हणजे वीसेक इंचांवर हिशेब केला तर उचल साधारण चौथ्या हिश्शाने तरी कमी होते. तुमचे ४५० तिथे ३३५ च्या आसपास राहतात. विकत घेताना विचारा, "हा आकडा पिनेवरचा की बकेटीतला?" ज्याला काम माहीत आहे तो लगेच सांगेल. जो गडबडेल त्याच्याकडून लेखी पत्रक मागा.

या ३३५ मधून बकेटीचं स्वतःचं वजन जायचं आहे. चार फुटी साधारण ७० किलोंची, पाच फुटी ११५ च्या घरात. म्हणजे छोटीत मालासाठी २६५ किलो उरले, मोठीत २२०. इथे नीट बघा. मोठी बकेट घेतल्यावर तुम्हाला उचलता येणारा माल वाढला नाही, पंचेचाळीस किलोंनी कमी झाला. आणि खोल बकेटीत माल पिनेपासून आणखी पुढे जातो, त्यामुळे प्रत्यक्षात याहूनही कमी.

छोटीत ओलं शेणखत शिगेसकट सात घनफूट म्हणजे १९८ लिटर, आठशे ग्रॅमने १५८ किलो. आरामात. ओली माती काठोकाठ १७० लिटर, १७०० ग्रॅमने २८९ किलो. थोडी जास्त होते, म्हणून मातीला काठापासून चार बोटं कमी भरायची. मोठीत ओलं शेणखत शिगेसकट बारा घनफूट, ३४० लिटर, २७२ किलो. हे २२० च्या वर गेलं. म्हणजे ज्या खतासाठी मोठी घेतली तेच ओलं असताना पूर्ण भरता येत नाही. ओली माती काठोकाठ भरली तर ४८१ किलो, दुपटीहून जास्त. कोणी म्हणेल, मोठी घेऊन निम्मी भरू. बोलायला सोपं आहे. कामाच्या घाईत, ढग दाटून आलेले असताना, गड्याच्या हातात लीव्हर असताना निम्मी भरणारा माणूस मी फार थोडा पाहिला. बकेट ढिगात घुसली की ती आपोआप भरते.

"लोडरला जड झालं तर तो उचलणारच नाही, मग धोका कसला?" असंही विचारतात. धोका तिथेच आहे. लोडर जमिनीलगत जास्त उचलतो आणि हात वर जाता जाता त्याची ताकद कमी होत जाते. त्यामुळे जास्त वजन जमिनीवरून फूटभर सहज उठतं. ड्रायव्हरला वाटतं जमलं. तो वळतो, उतारावर येतो, आणि मग मागची चाकं बोलायला लागतात.

हे मी जांबोटीच्या बाजूला समोर उभा राहून पाहिलंय. घराच्या मागे चढ होता, दरड कोसळून आलेली ओली तांबडी माती हटवायची होती. ट्रॅक्टर तुमच्याएवढाच, बकेट पाच फुटी, दुसऱ्याकडून बसवून घेतलेली. मला बोलावलं होतं पुढच्या हबातून, म्हणजे चाकाच्या मधल्या भागातून, तेल गळतंय म्हणून. ड्रायव्हर पोरगा चांगला होता, सावकाश चालवणारा. त्याने बकेट भरली, फूटभर उचलली आणि उताराकडे तोंड करून निघाला. दहा-पंधरा फूट गेल्यावर त्याने ब्रेक दाबला. मागचं उजवं चाक थांबलं. पूर्ण थांबलं, फिरतच नव्हतं. आणि ट्रॅक्टर तसाच खाली सरकत राहिला. चाकाच्या नक्षीत अडकलेला गवताचा बुडखा मला स्पष्ट दिसत होता, एकाच जागी, आणि खालची जमीन मागे जात होती. मी ओरडलो, "बकेट टाक बे, खाली टाक!" त्याने लीव्हर ढकलला, बकेट जमिनीत रुतली आणि ट्रॅक्टर गोठ्याच्या भिंतीपासून हातभर अंतरावर थांबला. आत म्हशी बांधलेल्या होत्या.

असं का होतं ते तुमच्याच मापाच्या ट्रॅक्टरवर मांडतो. लोडरची फ्रेम, ड्रायव्हर धरून आणि बकेट काढून ट्रॅक्टर ९५० किलोंचा समजा, त्यातले मागच्या चाकांवर ४८०. दोन एक्सलमधलं अंतर पाच फूट. बकेटीतला माल पुढच्या एक्सलच्या चार फूट पुढे. आता पुढचा एक्सल म्हणजे तराजूचा मधला टेकू झाला. बकेटीतलं प्रत्येक किलो मागच्या चाकांवरून ८०० ग्रॅम उचलून घेतं. चार फुटी बकेट आपल्या मापात भरली, म्हणजे बकेट आणि माल मिळून ३३५ किलो, तर मागून २६८ गेले, २१२ उरले. फार नाहीत, पण आहेत. पाच फुटी ओल्या मातीने काठोकाठ भरली तर ५९६ किलो, मागून ४७७ गेले. उरले तीन किलो. ट्रॅक्टरचे ब्रेक मागच्या चाकांना असतात. तीन किलो वजन असलेलं चाक लॉक झालं काय आणि नाही झालं काय, ते ट्रॅक्टरला अडवू शकत नाही. आणि हे सपाट जमिनीवरचं गणित आहे. उतारावर तोंड खाली असताना आणखी वाईट.

पुढच्या एक्सलचंही बघा. त्याच्यावर एरवी ४७० किलो असतात, या खेपेला दीड टन येतात. छोट्या फोर बाय फोरचा पुढचा एक्सल एवढ्यासाठी केलेला नसतो. आधी हबाभोवती तेलाचं काळं कडं दिसतं, त्यावर धूळ चिकटते. मग मधल्या पिव्होट पिनेचं बुश झिजतं आणि स्टिअरिंग एका बाजूला ओढू लागतं. त्यानंतर जे तुटतं त्याचा खर्च बकेटीच्या किमतीपेक्षा मोठा असतो. टू व्हील ड्राइव्हच्या छोट्या ट्रॅक्टरला तर मी लोडर बसवतच नाही. गिऱ्हाईक परत पाठवलं तरी चालतं.

तेव्हा दोन गोष्टी पक्क्या ठेवा. पहिली उतारावरची. भरलेली बकेट घेऊन उतार उतरताना फोर बाय फोर जोडलेला हवाच, कारण मग मागचा ब्रेक पुढच्या चाकांनाही धरतो आणि वजन तिथेच असतं. आणि जमेल तेव्हा भरल्या बकेटीने उतार तोंड वर ठेवून, मागे मागे उतरा. बकेट जमिनीपासून वीतभर.

दुसरी गोष्ट मागच्या वजनाची. लोडर घेतला आणि मागे वजन नाही, असा ट्रॅक्टर माझ्याकडून बाहेर जात नाही. मागच्या एक्सलच्या तीन फूट मागे २०० किलो टांगले तर मागच्या चाकांवर ३२० किलो वाढतात आणि पुढच्या एक्सलवरचे १२० कमी होतात. तराजूची तीच करामत, आता आपल्या बाजूने. यासाठी महागडं काही नको. २०० लिटरचं लोखंडी बॅरल निम्मं कापा, तळाला थ्री पॉइंटच्या, म्हणजे मागे अवजार जोडायच्या जोडणीच्या, खालच्या दोन लिंकसाठी आडवी पिन आणि वर टॉप लिंकसाठी पट्टी वेल्डिंग करून घ्या, आणि काँक्रीटने भरा. शंभर लिटर काँक्रीट २४० किलो होतं. छोट्या ट्रॅक्टरची मागची लिफ्ट एवढं सहज धरते. काँक्रीट ओतायच्या आधी आत सळईचे दोन-तीन तुकडे बॅरलला जोडा, नाहीतर वर्षभराच्या हादऱ्यांनी गोळा सुटतो आणि आत खडखड वाजतो. रोटावेटर मागे जोडलेलं असेल तर तेही वजनच, पण गोठ्याच्या अंगणात वळताना ते भिंतीला, दावणीला लागतं. बॅरल आखूड असतं, ते बरं.

रुंदीबद्दल वेगळं लिहितो, कारण इथे छोटी म्हणजे किती छोटी हा प्रश्न येतो. बकेट पुढच्या आणि मागच्या टायरांच्या बाहेरच्या कडेपेक्षा अरुंद नसावी. दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच जास्त असली की पुरे. अरुंद असेल तर ढिगात बकेट जाते आणि टायर ढिगाच्या कडेवर चढतं. एक बाजू वर, एक खाली, आणि हात वर केलेला. उलटण्याचा तो सगळ्यात सोपा मार्ग. तुमच्या वर्गातल्या ट्रॅक्टरची रुंदी टायर आतल्या सेटिंगवर असताना ४३-४४ इंच येते. चार फूट म्हणजे ४८ इंच, त्याला बरोबर. पण तुम्ही उसाच्या सरीसाठी मागचे टायर बाहेर ओढून लावले असतील तर ते मोजा. ४६ च्या वर गेले तर साडेचार फुटीची चौकशी करा, पण उथळ पोटाची, आणि कागदाचं माप घेऊन सात घनफुटांच्या आतली.

आणि गोठ्याचं दार मोजा. आपल्याकडे जुन्या गोठ्यांची दारं जांभ्याच्या चिऱ्यांत बसवलेली असतात आणि ती म्हशीच्या मापाची असतात, ट्रॅक्टरच्या नाही. बाहेरून पाच फूट दिसतं, आत चौकट आणि बिजागऱ्या धरून चार फूट आठ इंच निघतं. पाच फुटी बकेट अशा दारातून जातच नाही. मग लोक शेण फावड्याने बाहेर काढतात आणि बाहेरून बकेटीने उचलतात, म्हणजे ज्या कामाचा कंटाळा म्हणून लोडर घेतला तेच काम हाताने उरतं. बकेट घ्यायच्या आधी घरातल्या बाईमाणसाला विचारा, रोजचं शेण कुठून निघतं, कुठे पडतं, पावसाळ्यात कोणत्या वाटेने जातं. हे तिला जितकं माहीत असतं तितकं ट्रॅक्टर चालवणाऱ्याला नसतं.

मोठी बकेट कोणाला बरी? निपाणी, संकेश्वर भागात ज्याचं गुऱ्हाळ आहे आणि दिवसभर चिपाडच ओढायचं आहे, त्याला पाच फुटी काय, त्याहून मोठी चालेल. पाचट, वैरण, भुसा, वाळलेला काडीकचरा, यांना पोट मोठंच लागतं. साखर कारखान्यातून प्रेसमड, म्हणजे उसाचा रस गाळून उरलेला गाळ, आणून महिना-दोन महिने वाळवून टाकणाऱ्यालाही थोडी मोठी परवडते, ओलं उचलायचं नसेल तर. पण त्या बकेटीला मातीच्या ढिगाकडे जाऊ द्यायचं नाही. आणि तिकडचीच एक अडचण सांगतो. निपाणीची तंबाखूची काळी जमीन ओली झाली की बकेटीच्या आतल्या कोपऱ्यांत चिकटून बसते. एका गिऱ्हाइकाची बकेट "पूर्वीसारखं उचलत नाही" म्हणून आली होती. खुरपं घेऊन आतले कोपरे खरवडले तर तीन घमेली माती निघाली, दगडासारखी झालेली. काट्यावर ठेवली तर चाळीस किलोंच्या पुढे. गेले तीन महिने तो तेवढं ओझं प्रत्येक खेपेला वर-खाली करत होता. काळ्या मातीवाल्याने आतून गोल पाठीची बकेट घ्यावी, तीक्ष्ण कोपऱ्याची नाही, आणि रोज संध्याकाळी खरवडावी. तुमच्या तांबड्या मातीत हा त्रास कमी, पण वीटभट्टीची चिकण माती उचलत असाल तर तुम्हालाही लागू.

उंचीचा मुद्दा दुकानात कोणी काढत नाही. ट्रॉलीची फळी जमिनीपासून किती उंच आहे ते मोजून जा. लोडरची पत्रकातली उंची पिनेची असते. बकेट ओतायला वाकवली की तिचं ओठ खाली लोंबतं, आणि बकेट जितकी खोल तितकं जास्त लोंबतं. छोट्या लोडरला एवढीतेवढी उंची असते, त्यातले पाच-सहा इंच खोल बकेटीने खाल्ले की ती ट्रॉलीच्या फळीला घासते. हात पूर्ण वर आणि बकेट वाकवलेली अशा अवस्थेत ओठापासून जमिनीपर्यंत टेप लावून मोजा आणि ट्रॉलीच्या उंचीपेक्षा निदान अर्धा फूट जास्त आली तरच घ्या.

ओठाला दात हवेत का? तुमच्या कामाला नकोत. गोठ्यात कोबा असतो, दात त्यात अडकतात, कोबा उखडतो, आणि कधी दाताने म्हशीच्या पायाला लागलं तर काय सांगायचं? सरळ पट्टी घ्या, १२ मिलिमीटरची तरी, आणि नट-बोल्टने बदलता येणारी. झिजली की उलटी करून पुन्हा वापरता येते. मुरूम फोडायचा असेल तर दातांची वेगळी पट्टी बोल्टवर चढवता येते. पण छोट्या ट्रॅक्टरने घट्ट मुरूम फोडायच्या भानगडीत पडू नका, त्याला जेसीबी तासावर बोलवा, स्वस्त पडतं.

पत्र्याच्या बाबतीत जास्त जाड म्हणजे जास्त चांगलं हा गैरसमज आहे. या वर्गात पाठीला आणि पोटाला चार-पाच मिलिमीटर पुरतो, बाजूंना सहा. आठचा पत्रा लावून बकेट पक्की होते खरी, पण वीस-तीस किलो वजन वाढतं आणि ते तुमच्या मालातून कापलं जातं. बळकटी ओठाला, तळाच्या घासपट्ट्यांना आणि पिनेच्या कानांना हवी. कानांचं वेल्डिंग दोन्ही बाजूंनी आणि पूर्ण आहे का ते वाकून बघा. उद्यमबागेत हायड्रॉलिकचं काम जाणणारे चांगले कारागीर आहेत, बेळगावला त्याची कमतरता नाही. बकेट त्यांच्याकडून करून घेतली तरी हरकत नाही, पण कागदावरचं माप तुम्ही द्या. आणि बाहेरचा लोडर बसवल्यावर ट्रॅक्टरची वॉरंटी राहते की जाते, हे ट्रॅक्टर विकणाऱ्याकडून लेखी घ्या.

एक गोष्ट कोणी कितीही सांगितली तरी करू नका. "उचल कमी पडते? प्रेशर वाढवून देतो," असं म्हणून रिलीफ व्हॉल्व्हचा स्क्रू फिरवणारे मेकॅनिक आहेत. पाच मिनिटांत लोडर शंभर किलो जास्त उचलायला लागतो आणि माणूस खूश होतो. पण तो व्हॉल्व्ह जास्त वजनाला उघडण्यासाठीच ठेवलेला असतो. स्क्रू आवळला की ते वजन होज पाइपवर, पंपावर आणि पुढच्या एक्सलवर येतं, आणि मागच्या चाकांचं गणित तर बदलतच नाही. माझ्याकडे असा फुटलेला होज घेऊन आलेला माणूस हाताला पट्टी बांधून आला होता. गरम तेल फुल प्रेशरने उडालं होतं.

पुढे कधी पैसे झाले तर दुसरी बकेट घेण्यापेक्षा शेणखताचा काटा घ्या, म्हणजे पत्र्याऐवजी वाकड्या शिंगांचा. वैरणीचं तूस आणि काडी मिसळलेल्या खताला तो फार छान. वजनाला हलका, ढिगात लोण्यासारखा जातो, पाणी आपोआप गळून जातं. मात्र त्यासाठी लोडरला पिना पटकन निघणारी जोडणी आत्ताच घेऊन ठेवा, नंतर बदलायला खर्च येतो.

बसवून झाल्यावर पैसे द्यायच्या आधी एक तपासणी समोर करून घ्या. सपाट अंगणात ट्रॅक्टर उभा करा, मागे बॅरल अडकवा, पुढच्या टायरांत कंपनीने लिहिलेली पूर्ण हवा भरा. बकेटीत सिमेंटची ५० किलोंची पोती एक एक करून ठेवा. प्रत्येक पोत्यानंतर बकेट वीतभर उचला आणि मागच्या टायराकडे बघा. जमिनीला टेकलेल्या जागी टायर फुगून बसलेलं असतं. वजन उचललं गेलं की तो फुगवटा कमी होत होत टायर गोल दिसायला लागतं. पाच पोती झाली की २५० किलो. एवढ्याला फुगवटा दिसत राहिला पाहिजे. मग कोणालाही जवळ उभं न करता बकेट ट्रॉलीच्या उंचीपर्यंत सावकाश न्या आणि तिथे पाच मिनिटं तशीच राहू द्या. बकेटीच्या ओठाला टेप लावून ठेवा. दोन-चार बोटांपेक्षा जास्त खाली आली तर जॅकचे सील किंवा व्हॉल्व्ह गळतोय, ते दुरुस्त होईपर्यंत बाकीची रक्कम स्वतःकडे ठेवा.